जॅक रसेल टेरियर: पायाची उडी, उभा कान आणि लाल डोळा

शिरोळ तालुक्यातल्या एका शेतकरी कुटुंबाने विचारलं आहे: घरात पाच महिन्यांची जॅक रसेल टेरियर मादी आहे, नाव चिंगी. तिचा एक कान उभा राहतो, दुसरा पडतो. पुढचे पाय जरा बाकदार दिसतात. शेजारी म्हणतात, "ही जात अस्सल न्हवं, फसवलंय तुमाला." पळता पळता ती मागचा उजवा पाय वर घेते, दोन-तीन पावलं तशीच उड्या मारत जाते आणि पुन्हा नीट पळायला लागते. मुलांना त्याची गंमत वाटते. अस्सल जॅक रसेल दिसतं कसं आणि त्याच्या तब्येतीची काळजी काय घ्यायची, असा प्रश्न आहे.

कोल्हापुरात कुत्र्या-मांजरांचा दवाखाना चालवून मला सव्वीस वर्षं झाली. तुमचा प्रश्न जातीच्या अस्सलपणाचा आहे, पण मला घाई आहे ती पायाची, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

कुत्र्याच्या गुडघ्यावर आपल्यासारखीच वाटी असते. मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाला एक खाच असते आणि पाय वाकला-सरळ झाला की वाटी त्या खाचेतून वरखाली सरकते, रहाटाच्या चाकाच्या खोबणीत दोर बसावा तशी. लहान चणीच्या कुत्र्यांमध्ये ही खाच पुष्कळदा जन्मतः उथळ असते. पळताना वाटी तिच्यातून निसटून आतल्या बाजूला जाते. गुडघा तिथेच अडकतो, कुत्रं पाय वर घेतं, दोन-चार पावलं तीन पायांवर टाकतं, पाय मागे झटकतं. वाटी जागेवर येते आणि ते काही घडलंच नाही असं पळायला लागतं. दुखल्याचं तोंडावर दिसत नाही, म्हणून घरच्यांना ती त्याची लकब वाटते. जॅक रसेल पाळणाऱ्या निम्म्या लोकांकडून मी "ते तसंच पळतं ओ डॉक्टर, लहानपणापासनं" हे वाक्य ऐकलं असेल.

वाटी सरकण्याच्या चार पायऱ्या आम्ही मानतो. पहिल्या पायरीत वाटी हाताने ढकलली तरच हलते आणि सोडली की जागेवर येते. दुसरीत ती चालता-पळता आपोआप निसटते आणि बहुतेक वेळा आपोआप परतही येते. चिंगीचं वर्णन वाचून मला ही पायरी वाटते. तिसरीत वाटी जवळजवळ कायम बाहेर असते, हाताने आत आणता येते पण टिकत नाही. चौथीत ती आत येतच नाही आणि पाय वाकडाच राहतो. पहिल्या पायरीला आणि कधीमधीच निसटणाऱ्या दुसरीला वजन आटोक्यात ठेवणं, मांडीचे स्नायू बळकट करणं आणि लक्ष ठेवणं एवढं पुरतं. वारंवार निसटत असेल किंवा तिसरी पायरी असेल तर शस्त्रक्रिया करून खाच खोल करतात आणि नडगीवर जिथे वाटीचा बंध चिकटतो तो हाडाचा तुकडा सरळ रेषेत आणून बसवतात. वेळेवर केली तर कुत्री पुन्हा चांगली पळतात. उशीर झाला तर कूर्चा घासून संधिवात सुरू होतो आणि तो मागे फिरत नाही.

पण पाच महिने हे वय ऐकल्यावर माझ्या मनात दुसरा एक आजारही येतो, आणि तो नाही याची खात्री करायलाच हवी. लहान टेरियरच्या पिल्लांमध्ये साधारण चार महिने ते वर्षभराच्या वयात, मांडीचं हाड जिथे खुब्यात बसतं त्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटतो. गोळ्याचं हाड मरतं, ठिसूळ होतं आणि कोसळतं. लेग-काल्व्हे-पर्थेस असं त्याचं नाव. फरक असा: वाटीवाली कुत्री उडी मारून पुन्हा नीट पळते, खुब्यावाली दिवसेंदिवस जास्त लंगडते, पाय टेकवायला टाळते, उचलून घेताना कण्हते, आणि त्या बाजूची मांडी हळूहळू बारीक होत जाते. चिंगी शांत उभी असताना मागे बसून दोन्ही मांड्या दोन्ही हातांत धरून पाहा. उजवी डावीपेक्षा पातळ लागली तर दुसऱ्या दिवशीच एक्स-रे काढायला या. पाय ओढून-ताणून घरी तपासू नका. या आजारात तो खराब गोळा काढून टाकावा लागतो. ऐकायला भयंकर वाटतं, पण सहा किलोच्या कुत्र्याचा भार स्नायू सहज पेलतात आणि दोन-तीन महिन्यांत ती पायऱ्या चढताना दिसतात. बैल लंगडला तर तुम्ही संध्याकाळची वाट न पाहता डॉक्टर बोलावता. चिंगीच्या पायाला तेवढाच मान द्या.

आता अस्सलपणाचं.

टेरियर हा शब्द लॅटिनमधल्या 'टेरा' म्हणजे माती या शब्दावरून आला. ही मातीत घुसणारी कुत्री. आपल्या भागात शिकारीचं कुत्रं म्हटलं की डोळ्यांपुढे येतं ते कारवानी किंवा मुधोळ: उंच, लांब पायांचं, कंबर आत गेलेली, माळावर ससा दिसला की वाऱ्यासारखं सुटणारं. जॅक रसेलचं काम अगदी उलटं. शिकारी कुत्र्यांच्या कळपापुढे पळून खोकड बिळात शिरला की त्याच्या मागे बिळात जायचं, भुंकून त्याला बाहेर काढायचं आणि स्वतः धड परत यायचं. इंग्लंडच्या डेव्हन परगण्यातले जॉन रसेल हे पाद्री (१७९५-१८८३) यांनी ही कुत्री जोपासली. ऑक्सफर्डला शिकत असताना १८१९ मध्ये त्यांनी एका गवळ्याकडून 'ट्रम्प' नावाची पांढरी मादी घेतली, तिच्यापासून त्यांच्या कुत्र्यांची सुरुवात झाली असं मानतात. पांढरा रंगही हौसेखातर निवडलेला नाही. मातीने माखून बिळातून बाहेर येणारं कुत्रं खोकड समजून कळपाने फाडू नये म्हणून पांढरं हवं असायचं. पुढे ऑस्ट्रेलियात या जातीला नेमका आकार मिळाला, आणि ब्रिटनच्या केनेल क्लबने तर तिला २०१६ मध्ये स्वतंत्र जात म्हणून मान्यता दिली. म्हणजे ज्या 'अस्सल' रूपाबद्दल शेजारी इतक्या खात्रीने बोलतात, ते कागदावर येऊन फार वर्षं झालेली नाहीत.

तेव्हा चिंगीच्या प्रत्येक अवयवाकडे बघताना एकच विचारायचं: हे घेऊन बिळात जाता येईल का, आणि परत येता येईल का?

उंची खांद्यापाशी २५ ते ३० सेंटिमीटर. वजनाचा हिशेब सोपा आहे, उंचीच्या दर पाच सेंटिमीटरला एक किलो. २५ सेंटिमीटरचं कुत्रं साधारण पाच किलो, ३० चं सहा. यापेक्षा उंच, ३३ ते ३६ सेंटिमीटरचं, पाय लांब आणि अंग चौकोनी दिसत असेल तर ते पार्सन रसेल, म्हणजे याचंच भावंड असलेली वेगळी जात. जॅक रसेलचं अंग उंचीपेक्षा लांबीला थोडं जास्त असतं. खांद्यापासून छातीच्या तळापर्यंत जेवढी खोली, तेवढंच अंतर कोपरापासून जमिनीपर्यंत.

माझ्या दृष्टीने सगळ्यात मोलाचं माप छातीचं आहे. पुढच्या पायांच्या कोपरांमागे घेर ४० ते ४३ सेंटिमीटर असावा. जुने शिकारी टेप वापरत नसत. कुत्र्याच्या मागे उभं राहून दोन्ही हातांची ओंजळ त्याच्या छातीभोवती घालायची. अंगठे वर पाठीवर आणि बोटं खाली छातीखाली एकमेकांना टेकली पाहिजेत. टेकली तर ते कुत्रं बिळात मावतं. आणि ती छाती दाबल्यावर लवचिक लागली पाहिजे, पिंपासारखी टणक नको. चिंगी वर्षाची झाली की घरातल्या मोठ्या माणसाने हे करून पाहावं. हीच ओंजळ पुढे जन्मभर वजनाचा काटा म्हणूनही कामाला येते, त्यावर खाली बोलतो.

डोके पसरट, कानांमध्ये जरा रुंद, डोळ्यांकडे निमुळतं. जबडा मजबूत, वरचे दात खालच्या दातांवर कात्रीसारखे बसणारे. डोळे लहान, काळेभोर, बदामी. बटबटीत डोळा बिळात मातीने जखमी होईल. केस तीन प्रकारचे: आखूड गुळगुळीत, राठ आणि दोहोंच्या मधले. तिन्ही अस्सल. एकाच आईची पिल्लं वेगवेगळ्या केसांची निघतात. रंगात पांढरा जास्त हवा, त्यावर काळे, तांबूस किंवा दोन्ही रंगांचे ठिपके. पूर्ण तपकिरी कुत्रं जॅक रसेल म्हणून विकत असतील तर घेऊ नका.

कान दुमडून पुढे पडलेले हवेत, टोक डोळ्याच्या दिशेला, म्हणजे बिळात माती आत जात नाही. आता चिंगीचा एक कान उभा का? कारण ती पाच महिन्यांची आहे. चार ते सहा महिन्यांत दुधाचे दात पडून पक्के येतात आणि त्या दिवसांत पिल्लांचे कान रोज वेगळे दिसतात. आज दोन्ही पडलेले, उद्या एक उभा, परवा दोन्ही विमानाच्या पंखांसारखे. सात-आठ महिन्यांपर्यंत थांबा. तरीही उभा राहिला तर प्रदर्शनात गुण जातील, तब्येतीला काडीचा फरक पडत नाही. दातांचा विषय निघालाच आहे तर तिचे सुळे बघा. लहान तोंडाच्या कुत्र्यांत दुधाचा सुळा न पडताच शेजारी पक्का सुळा उगवतो. सात महिन्यांनंतरही दोन सुळे शेजारी शेजारी दिसले तर दुधाचा काढून घ्या, नाहीतर मध्ये अन्न अडकून कमी वयातच हिरड्या सडतात.

पुढच्या बाकदार पायांबद्दल मात्र मला तुम्हालाच एक प्रश्न विचारायचा आहे. चिंगी खाते काय? अस्सल जॅक रसेलचे पुढचे पाय सरळ असावेत हे खरं, पण या जातीत आखूड, थोडे वाकलेले पाय घेऊन जन्मणारी कुत्री पूर्वीपासून आहेत आणि ती मजेत जगतात. दोन्ही पाय सारखे वाकलेले, जन्मापासून तसेच, दुखत नाहीत, तर सोडून द्या. पण आपल्याकडे पिल्लाला दूध-भाकरी, दूध-चपाती, किंवा प्रेमापोटी नुसतं मटण आणि काळीज घालतात. नुसत्या मांसात कॅल्शियम फार कमी असतं. शरीर मग ते हाडांतून काढून घेतं, हाडं मऊ पडतात, पाय धनुष्यासारखे वाकतात आणि साध्या उडीने मोडतात. असं पिल्लू पावलाच्या पंज्यांवर पसरून चालतं. सुरुवातीला लक्षात आलं तर पिल्लांचा संतुलित आहार सुरू केल्यावर सुधारतं. मनाने कॅल्शियमचं औषध पाजत बसू नका, जास्त झालेलं कॅल्शियमही वाढत्या हाडाला बाधतं. आणि एकच पाय वाकत चालला असेल, विशेषतः कुठून पडल्यानंतर, तर पुढच्या पायाच्या दोन हाडांपैकी एकाची वाढ थांबली आहे असं समजून लगेच एक्स-रे.

केनेल क्लब ऑफ इंडियाची कागदपत्रं आहेत का, असंही लोक विचारतात. असली तर चांगलं. पण त्या कागदावर आई-बापाची नावं असतात, त्यांचे गुडघे आणि डोळे कसे होते ते नसतं. पुढच्या वेळी पिल्लू घ्याल तेव्हा आई दाखवा म्हणा, आणि ती चालताना बघा.

आता डोळ्याविषयी, आणि इथे मी मुद्दाम लांबण लावणार आहे.

दवाखाना काढून मला चारेक वर्षं झाली असतील. पन्हाळ्याच्या वाटेवर गुऱ्हाळ चालवणारे एक काका त्यांचं पाच वर्षांचं नर कुत्रं घेऊन आले. "डॉक्टर, डोळं आल्यात त्येचं, गुऱ्हाळाच्या धुरानं." डावा डोळा लाल, पाणी येत होतं, कुत्रं डोळा किलकिला करत होतं. धूर खराच होता. मी डोळे आल्याचे थेंब दिले आणि चार दिवसांनी या म्हणालो. चौथ्या दिवशी तो डोळा निळसर, पांढुरका आणि मोठा झालेला होता. कुत्रं त्या बाजूने भिंतीवर आपटत होतं. डोळ्यातलं भिंग जागेवरून निसटून पुढे आलं होतं. मी पहिल्या दिवशी अंधारात बॅटरी घेऊन नीट बघितलं असतं, डोळ्याचा दाब मोजला असता, तर कळलं असतं. तो डोळा गेला. ती चूक माझी होती, आणि त्या दिवसापासून टेरियरचा लाल डोळा मी कधीही 'डोळे आले' म्हणून परत पाठवलेला नाही.

घडतं ते असं. डोळ्यातलं भिंग सुतासारख्या बारीक तंतूंनी चहूबाजूंनी टांगलेलं असतं. जॅक रसेलसह बऱ्याच टेरियर जातींत हे तंतू कमकुवत करणारा एक आनुवंशिक दोष आहे. एडीएएमटीएस १७ नावाच्या जनुकातला तो बदल २०१० मध्ये सापडला. जन्मतः काहीच दिसत नाही. साधारण तीन ते आठ वर्षांच्या वयात तंतू तुटायला लागतात आणि एक दिवस भिंग सुटतं. ते बाहुलीतून पुढे आलं तर डोळ्यातलं पाणी बाहेर जायची वाट बंद होते, दाब झपाट्याने चढतो, काचबिंदू होतो, आणि एक-दोन दिवसांत नजर कायमची जाऊ शकते. वेदना किती असतील? माणसांना असा दाब चढला की उलट्या होईपर्यंत डोकं दुखतं. कुत्रं फक्त गप्प होतं, कोपऱ्यात बसतं, खात नाही.

म्हणून लक्षणं लिहून ठेवा: डोळा लाल, पाणी, उजेड नको होणं, डोळा मिटून घेणं, पुढच्या काचेवर निळसर झाक, बाहुलीत चंद्रकोरीसारखी चकाकी, डोळा हलला की आतला पडदा थरथरल्यासारखा दिसणं. यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी, जमल्यास त्याच तासाला, डोळ्याचा दाब मोजायचं यंत्र असलेल्या डॉक्टरकडे. मेडिकलमधून माणसांचे थेंब आणून घालू नका. काचबिंदूच्या थेंबांतले काही बाहुली इतकी आवळतात की पुढे आलेलं भिंग तिथेच अडकून पडतं आणि दाब आणखी वाढतो. कोणते थेंब चालतील हे भिंग पुढे आहे की मागे यावर ठरतं. उपाय म्हणजे शस्त्रक्रियेने भिंग काढणं, आणि त्यासाठी डोळ्यांचं काम करणाऱ्या पशुवैद्याकडे, बहुधा पुण्या-मुंबईला, जावं लागतं.

एका डोळ्यात झालं की दुसऱ्यातही होतं, काही आठवड्यांत किंवा महिन्यांत. काकांच्या कुत्र्याचा उजवा डोळा मी दर महिन्याला तपासत राहिलो. सातव्या महिन्यात भिंग हलताना दिसलं, ते सुटायच्या आधी पुण्यात काढून घेतलं. भिंगाशिवाय जवळचं धूसर दिसतं, पण ते कुत्रं पुढे सहा वर्षं गुऱ्हाळावर राखणीला होतं.

या दोषाची चाचणी गालाच्या आतून घेतलेल्या कापसाच्या बोळ्यावर किंवा रक्तावर होते, आयुष्यात एकदाच. निकाल तीन तऱ्हेचा येतो: निर्दोष, एकाच बाजूने दोष वाहणारं, आणि दोन्हीकडून दोष आलेलं. तिसऱ्या प्रकारच्या कुत्र्याचे डोळे दर सहा महिन्यांनी तपासायचे. चिंगीची पिल्लं घ्यायचा विचार असेल तर ही चाचणी आणि गुडघ्याची तपासणी केल्याशिवाय घेऊ नका. दोष असेल तर तिची नसबंदी करा.

ऐकण्याचंही बघून घ्या. पांढऱ्या अंगाच्या कुत्र्यांत काही वेळा कानाच्या आतल्या भागात रंगपेशी नसतात, आणि त्यांच्याशिवाय ऐकण्याच्या पेशी जन्मानंतर काही आठवड्यांतच मरतात. चिंगी गाढ झोपलेली असताना तिला दिसणार नाही अशा जागेवरून किल्ल्या वाजवा. जमिनीवर पाय आपटू नका, हादऱ्यानेही ती उठेल. एकच कान बहिरा असेल तर घरी कळणं कठीण, पण तशी कुत्री सहज निभावून नेतात. आणखी एक आजार, चालताना मागचा भाग झोकांड्या खाणं, हा या जातीत दोन ते सहा महिन्यांच्या वयात दिसू लागतो. तुमच्या वर्णनात तसं काही नाही, म्हणून त्यात शिरत नाही.

इथवर जातीचं झालं. पण खरं सांगू का, माझ्या टेबलावर जी जॅक रसेल मरायला टेकून येतात ती बहुतेक या आनुवंशिक आजारांनी नव्हे. ती येतात उंदरांच्या मागे गेल्यामुळे.

तुम्ही शिरोळचे. कृष्णा-पंचगंगेचा संगम तुमच्या दारात, २०१९ आणि २०२१ चा महापूर तुम्ही अंगावर झेललेला. पूर ओसरला की चिखल, आणि उसाच्या फडात उंदीर-घुशींचा सुळसुळाट. या उंदरांच्या लघवीतून लेप्टोस्पायरोसिस पसरतो. ताप, उलट्या, अंग आखडणं, मग डोळे आणि हिरड्या पिवळ्या. मूत्रपिंड आणि यकृत दोन्ही जातात. हा आजार कुत्र्याच्या लघवीतून माणसांनाही होतो, तेव्हा आजारी कुत्र्याची लघवी उघड्या हाताने पुसू नका. नेहमीच्या लसींमध्ये लेप्टोचा भाग आहे का हे विचारून घ्या. दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस, पुढे दरवर्षी एक; पावसाळ्याआधी मे महिन्यात घेतलेला बरा. रेबीजची लस तर कुठल्याही सबबीवर चुकवायची नाही.

दुसरं, उंदरांचं औषध. शेतात पिठाच्या गोळ्यांतून काळी पूड घालतात, झिंक फॉस्फाईड. तिला उतारा नाही. पोटातल्या आम्लाशी संयोग होऊन विषारी वायू तयार होतो, म्हणून अशा कुत्र्याला दूध-भात काही भरवू नका, अन्न पोटात गेलं की आम्ल वाढतं. गाडीतून आणताना काचा उघड्या ठेवा, त्याच्या उलटीचा वायू माणसालाही बाधतो. घरात ठेवतात त्या रंगीत वड्यांचं विष वेगळं, ब्रोमॅडिओलोन. त्यात कुत्रं दोन-तीन दिवस ठणठणीत दिसतं आणि मग नाकातून, हिरड्यांतून, छातीत रक्तस्राव सुरू होतो. याला उतारा आहे, के-१ जीवनसत्त्व, पण ते काही आठवडे द्यावं लागतं. दोन्हीत पाकीट बरोबर आणा. विष खाल्लेला मेलेला उंदीर तोंडात धरला तरी मला फोन करा.

तिसरं, साप. बिळात तोंड घालणं हा या जातीचा धर्म, आणि आपल्या उसात घोणस. घोणशीला इंग्रजीत रसेल्स व्हायपर म्हणतात, ते पॅट्रिक रसेल या वेगळ्याच रसेलच्या नावावरून, पण आमच्या दवाखान्यात हे दोन रसेल दर पावसाळ्यात भेटतात. दंश बहुतेक नाकाडावर किंवा पुढच्या पायावर असतो. तोंड तासाभरात सुजून फुटबॉलसारखं होतं, जखमेतून रक्त थांबत नाही. आवळपट्टी बांधू नका, चिरू नका, कुत्र्याला उचलून घ्या, चालवू नका. निघायच्या आधी दवाखान्यात फोन करून सर्पविषाची लस शिल्लक आहे का हे विचारा, कारण लस नसलेल्या दवाखान्यात घालवलेला अर्धा तास तिच्या जिवावर बेततो.

गोचीड तर वर्षभर. पांढऱ्या आखूड केसांवर ते चटकन दिसतात, हा या जातीचा फायदा. रोज संध्याकाळी कानाच्या घडीत आणि बोटांच्या बेचक्यात बघा. गोचीडतापात कुत्रं मंदावतं, हिरड्या फिकट होतात, कधी नाकातून रक्त येतं. त्याच पांढऱ्या अंगाला ऊन मात्र सोसत नाही. एप्रिल-मेच्या दुपारी कानाची टोकं आणि गुलाबी नाक भाजून निघतं; फिरवणं सकाळी लवकर आणि सांजावल्यावर.

जेवणाबद्दल थोडक्यात, कारण तुम्ही विचारलेलं नाही पण मला माहीत आहे काय होतं ते. रविवारी मटण शिजतं आणि तांबड्या रश्श्यात भाकरी कुस्करून कुत्र्याला जाते. त्या रश्श्यात कांदा-लसूण आहे, जो कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो, आणि वर तरीचं तेल आहे, ज्याने स्वादुपिंडाला सूज येते. शिजवलेलं हाड फुटून आतड्यात रुततं. बिनमसाल्याचं उकडलेलं मटण काढून ठेवा, तिचा वाटा त्यातून द्या. सहा किलोच्या कुत्र्याचं वजन नऊ झालं म्हणजे साठ किलोचा माणूस नव्वदचा झाला. सैल गुडघ्यावर तो भार काय करेल ते तुम्हीच बघा. छातीभोवतीची ओंजळ महिन्यातून एकदा घाला. बोटं एकमेकांना टेकायची थांबली आणि बरगड्या हाताला लागेनाशा झाल्या की भाकरी निम्मी करा.

हे सगळं वाचून घाबरू नका. ब्रिटनमध्ये हजारो कुत्र्यांच्या मृत्यूच्या नोंदी तपासून २०२२ मध्ये जातवार आयुर्मान काढलं, त्यात जॅक रसेल सगळ्यांत वर होतं, १२.७२ वर्षं. माझ्याकडे पंधराव्या वर्षीही उंदराच्या बिळापाशी तासन्‌तास बसणारी कुत्री येतात.

चिंगीला घेऊन याल तेव्हा एक काम करा. ती अंगणात पळताना, तो पाय वर घेतानाचा व्हिडिओ मोबाइलवर काढून आणा, बाजूने एक आणि मागून एक. दवाखान्याच्या गुळगुळीत फरशीवर घाबरलेलं कुत्रं ती उडी कधीच मारत नाही. येण्याआधी सहा तास खायला देऊ नका, पाणी चालेल. खुब्याचा एक्स-रे नीट यायचा तर थोडी भूल द्यावी लागेल. आणि ती रोज काय खाते ते कागदावर लिहून आणा, मुलांनी गुपचूप दिलेली बिस्किटं धरून.